साकव आणि नो प्रॉब्लेम

'नो प्रॉब्लेम' या दोन शब्दांचा मला राग येतो. कुणी ते म्हटले की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो आणि आता नेमकं काय बिघडणार आहे याचा मी अंदाज बांधू लागते. नवरा म्हणतो, त्या बिचाऱ्या शब्दांनी तुझं काय घोडं मारलंय? माझं घोडं त्यांनी मारलं नाही. पण माझ्या आईचा बाजार बुडाला, तेव्हा ते दोन शब्द प्रत्येक वळणावर हजर होते, एवढं मी पाहिलं आहे.

माझं माहेर मालवणच्या बाजूला, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी, आणि मधल्या माडांत आमची वाडी. एसटी थांबते ती खाडीच्या पलीकडच्या काठावर. बाजार, दवाखाना, हायस्कूल, सगळं त्या बाजूलाच. शेजारच्या गावावरून मातीच्या रस्त्यानं वळसा घालून जाता येतं, पण तो वळसा इतका मोठा की बैलगाडीच्या जमान्यातही लोक होडीनंच जात. भरतीला ही होडी थेट पायऱ्यांना लागते, पातळाचा काठही भिजत नाही. सुकतीला मात्र पाणी पार मधोमध जातं, होडी तिथेच अडते आणि दोन्ही बाजूंना पोटरीभर चिखल तुडवावा लागतो. चिखलात कालवांची शिंपलं, सुरीसारखी धार असलेली. माझ्या आईच्या तळव्यांवर त्यांच्या खुणांचं जाळं होतं.

आई किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलं की तिथेच मासळी विकत घ्यायची, पाटी डोक्यावर घेऊन खाडी ओलांडायची आणि एसटीनं मालवणच्या बाजारात जायची. वडील लवकर गेले. आम्हा दोघा भावंडांना त्या पाटीनंच वाढवलं. पण आई केवळ पोटासाठी बाजारात जायची असं कुणी म्हणालं तर ते मला पटायचं नाही. घरात ती चार शब्द बोलणारी बाई. बाजारात दाराजवळच्या आपल्या जागेवर बसली की तिला वाचा फुटायची. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा मुलगा बोटीवर लागला, कुणाच्या घरी आज पाहुणे आहेत आणि सुरमईशिवाय भागणार नाही, हे तिला गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत ठाऊक असायचं. भाव करणाऱ्याची ती अशी फिरकी घ्यायची की तो हसत हसत दोन बांगडे जास्तच नेई. संध्याकाळी परतलेली आई थकलेली असे, पण विझलेली कधी नसे.

कोकण रेल्वे सुरू झाली त्या सुमाराला आमच्याकडे टोप्या घातलेले पर्यटक येऊ लागले आणि त्यांच्या पाठोपाठ 'नो प्रॉब्लेम' आलं. शेजारच्या घरानं मागच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या. पाहुण्यांनी सांगावं, पंखा चालत नाही. यजमानांनी म्हणावं, नो प्रॉब्लेम. पंखा तसाच. पाहुण्यांनी सांगावं, नळाला पाणी नाही. पुन्हा तेच. पाहुणे आमच्याकडून 'येवा' म्हणायला शिकून गेले आणि वाडी त्यांच्याकडून हे शिकली. या देवाणघेवाणीत आम्ही साफ बुडालो, असं माझं ठाम मत आहे.

कारण त्याआधी आमच्याकडे 'जमाचा नाय' असा एक उत्तम शब्दप्रयोग होता. माणसं तोंडावर सांगत, जमाचा नाय रे, आणि ऐकणारा दुसऱ्या दाराला जाई. वेळ वाचे. आमचा देवसुद्धा नाही म्हणायला कचरत नाही. कौल लावला आणि त्याच्या मनात नसलं तर मूर्तीला लावलेली डाव्या अंगाची कळी पाडतो आणि मोकळा होतो. नो प्रॉब्लेम आल्यापासून मात्र वाडीत नाही म्हणणारा माणूस औषधाला उरला नाही. सुतार, वायरमन, मंडपवाला, सगळे नो प्रॉब्लेम. माझ्या लग्नाच्या दिवशी मंडपवाला अर्धेच खांब घेऊन आला, तेव्हाही तो हेच म्हणाला आणि उरलेला मंडप आमच्या माडांना बांधून गेला.

मी तोवर नांदगावच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले होते. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि आम्हाला तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं. एक वयस्क बाई धीर करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सर, मलाच इंग्रजी येत नाही, मी पोरांना काय शिकवू? सर प्रसन्न हसले आणि म्हणाले, "नो प्रॉब्लेम." त्या बाई खाली बसल्या. शेवटपर्यंत त्यांना कुणी काही शिकवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना त्या म्हणाल्या, निदान दोन शब्द तरी आले. मला हसू आलं आणि लगेच चीडही आली.

आईचे गुडघे दुखू लागले ते त्याच काळात. मी तिला कणकवलीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "झीज आहे. या वयात व्हायचीच. नो प्रॉब्लेम. फक्त चढउतार बंद, उकिडवं बसणं बंद, वजन उचलणं बंद, आणि ओल्या-निसरड्यात जायचं नाही." आईनं मान डोलावली. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "मगे रवला काय गो?" काय उरलं, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा होता. पण डॉक्टरांपुढे ती बोलणाऱ्यातली नव्हे.

भाऊ मुंबईत नोकरीला. तेव्हा आमचं बोलणं काठावरच्या टेलिफोन बूथवरून व्हायचं. तो म्हणाला, "आईला मी इकडे आणतो, नो प्रॉब्लेम." आणलंही. ती महिन्याच्या आत परत आली. त्याच्या बिल्डिंगमध्ये दारावर मासे विकायला येणाऱ्या बाईला हिनं ताज्या मासळीचे डोळे कसे असतात ते सांगितलं, आणि मग त्या बाईनं येणंच बंद केलं, एवढंच तिथलं वर्तमान कळलं. आई म्हणाली, तिथे खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. भाऊ म्हणाला, तिला नको असेल तर नो प्रॉब्लेम. मी फोन आपटला. बूथवाल्यानं मुकाट पावती फाडली, त्याला सवय असावी.

मग उरला एकच उपाय, साकव. खाडीवर लहानसा पायपूल झाला की चिखल नाही, होडीतली उडी नाही, भरती-सुकतीकडे डोळे लावून बसणं नाही. ही काही माझी कल्पना नव्हे. मी परकरात होते तेव्हापासून जत्रेच्या दिवशी देवळात साकवाचं गाऱ्हाणं घातलं जातं. वाडीतल्या सर्वांत वडील माणसाला आम्ही सगळे आबा म्हणायचो. ते देवासमोर उभे राहून खणखणीत आवाजात सांगत, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांचे पाय चिखलात कापतत, गरोदर बायलमाणसांका होडयेत उचलून घालूचा लागता, पोरांची शाळा बुडता, तर ह्या खाडयेवर साकव होवंदे रे म्हाराजा." आणि आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा." या गाऱ्हाण्यात काहीही झाकलेलं नसे. कुणाचा पाय कापला, कुणाची पाटी सांडली, सगळं देवाच्या कानावर घातलं जाई. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण याच तोंडांनी पुढे काय केलं ते ऐकण्यासारखं आहे.

एकदाचं ओरोसच्या जिल्हा कचेरीतून कळलं की साकवाच्या जागेची पाहणी करायला साहेब येणार. देवळाच्या मंडपात बैठक बसली. शनिवार होता, मी माहेरी आले होते. मी म्हटलं, साहेबांना सुकतीला बोलवा. चिखल बघू दे, शिंपलं बघू दे. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी साहेबांना खाडीत बुडवा म्हटलं होतं.

आबा म्हणाले, "गो, शिकलंस मा तू? पावणो पयल्यांदा वाडयेत येतलो आणि तेका चिखलात उतरवतलंव? आमची इज्जत खंय रवतली?"

"आबा, चिखल दाखवायलाच तर बोलावतोय त्यांना."

"दाखवचो कित्याक? तोंडान सांगूया मा."

आणि तिथी ठरली पुनवेची, दुपारची, म्हणजे तुडुंब भरतीची. होडी धुऊन पुसून तीत गादी घातली. साहेब आले, बुटाला पाण्याचा थेंब न लागता ऐलतीरावर उतरले. वारा छान होता. शहाळी झाली, मग जेवण झालं. सुरमई तळून, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. साहेब माडाखाली खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "काय जागा आहे हो तुमची. आम्ही उगाच लांब लांब फिरायला जातो." सगळे खूष. 'तोंडान सांगूया' म्हणणाऱ्या आबांनी तोंडानं काय सांगितलं असेल? गाऱ्हाण्यातली एक ओळ नाही. कापलेले पाय नाहीत, गरोदर बाया नाहीत. हात जोडून एवढंच विचारलं, "साकव होईल ना साहेब?"

साहेब हात पुसत म्हणाले, "नो प्रॉब्लेम."

वाडीनं त्यांच्या जीपमध्ये नारळांची गोणी घातली. मला संताप आवरेना. आबा म्हणाले, "बघ, झाला मा काम?"

दिवाळीच्या सुट्टीत मी ओरोसला गेले. कचेरीतले गृहस्थ सज्जन होते, त्यांनी मला बसायला सांगितलं. "साहेबांची पाहणी झाली ना तुमच्याकडे. होडीची सोय उत्तम आहे, दळणवळण सुरळीत आहे, त्यामुळे साकवाची निकड नाही, असं त्यांचं मत पडलं आहे."

"अहो, पण ते भरतीला आले होते."

"मग सुकतीला बोलवायचं होतं, बाई," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून कणकवलीपर्यंत आबांशी मनातल्या मनात भांडले. वर ते गृहस्थ निरोप देताना म्हणाले होते, पुन्हा मागणी करा, नो प्रॉब्लेम.

पुन्हा मागणी केली. वर्षं गेली. मधे एक निवडणूक आली, तेव्हा काठावर साकवाचा नारळही फुटला. नारळाचं खोबरं तेवढं वाटलं गेलं.

आईचं जाणं मात्र त्या वर्षांत कमी कमी होत गेलं. एकदा सुकतीला ती चिखलात बसली ती उठेना. पाटीतले पेडवे चारी बाजूंना उडाले आणि होडीवाल्या काकांनी तिला बखोटीला धरून काढलं. ती हसत होती म्हणे. त्यानंतर तिनं नेम केला, सकाळची भरती आणि एसटी यांचा मेळ बसेल त्याच दिवशी बाजार. भरती रोज सरकते, एसटी आपल्या वेळेलाच येते. मेळ बसायचा तो मोजक्या दिवशी. गिऱ्हाईकाला तर रोज मासे लागतात, ते किती दिवस वाट पाहणार? दाराजवळच्या तिच्या जागेवर दुसरी एक बसू लागली. सुरुवातीला आई आली की ती सरकून जागा करून द्यायची. मग अर्धीच सरकायची. मग एक दिवस सरकली नाही. आईनं पाटी पलीकडच्या भिंतीकडे, कोळंबीवाल्यांच्या मागे ठेवली, आणि त्या दिवशी अर्धी मासळी परत आणली. हे तिनं मला सांगितलं नाही. बाजारातल्याच एकीनं सांगितलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तर दुसरी पाहणी. तोवर हातात मोबाईल आले होते. नवे साहेब तरुण, देशावरचे, फोनवर नीट बोलणारे. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. अमावस्येचा दुसरा दिवस धरला, दुपार कलल्यानंतरची वेळ मागून घेतली. उधाणाच्या दिवसांत त्या वेळी खाडी अशी सुकते की मधे नुसती एक धार उरते. शाळेतून रजा काढली आणि सकाळीच माहेरी पोचले.

आईची पाटी कुठे दिसेना. शोधली तर अंगणात पालथी होती आणि तिच्याखाली कोंबडीची पिलं चिवचिवत होती. मी पाटी उचलली, घासून धुतली, उन्हात सुकवली. आईला म्हटलं, दुपारी पाटी घेऊन पायऱ्यांवर बसायचं. साहेब विचारतील तेव्हा सगळं सांगायचं. गुडघे, शिंपलं, पडलीस ते, बाजारातली जागा गेली ते. देवाला सांगतात तसं सांग. आई म्हणाली, "बरा."

साहेब आले. होडी मधल्या धारेत अडली. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले. पहिल्याच पावलाला एक चप्पल चिखलानं गिळली. ती काढता काढता दुसरा पाय रुतला. काठावर पोचले तेव्हा त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. देव मला क्षमा करो, पण मला बरं वाटलं. आबा मागे उभे राहून चुकचुकत होते. मी मनात म्हटलं, आता बोला, सुरळीत दळणवळण.

साहेब पायऱ्यांपर्यंत आले. माझी आई धडपडत, कठड्याला धरून उठली. तिनं त्यांच्यासाठी तांब्याभर ऊन पाणी आणि धुवट फडकं आणून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तिनं स्वतः वाकून त्यांच्या पायावर पाणी ओतलं. साहेब ओशाळले. म्हणाले, "आजी, तुम्ही नका. तुम्ही या वयात रोज यातून जाता? फार त्रास होत असेल ना?"

आईनं पदर नीट केला. बाजारात शिकलेल्या आपल्या ठेवणीतल्या मराठीत ती म्हणाली, "नाही हो साहेब. त्रास कसला त्यात." आणि मग, जन्मात प्रथमच, हसून, "नो प्रॉब्लेम."

मागे उभ्या सगळ्यांनी माना हलवल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन भडाभडा बोलले, गुडघे, शिंपलं, सगळं. पण मी खाडी ओलांडणारी नव्हते. नांदगावहून आलेली, चपला घातलेली बाई होते. साहेब सभ्यपणे ऐकत होते आणि त्यांची नजर आईच्या हसऱ्या तोंडाकडे जात होती. चहा घेऊन, पायाला हळद लावून ते गेले. बघतो म्हणाले.

ते पलीकडे जीपमध्ये बसेपर्यंत मी दम धरला. मग आईवर तुटून पडले. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस दारात आला, तुझ्या तोंडासमोर येऊन त्यानं विचारलं, आणि तू हे बोललीस? कित्याक आये?

ती पायरीवर बसली होती. "त्याच्या पायातसून रगात येय होता गो," ती म्हणाली. "पावण्याक तसल्या टायमाक आपली रडगाणी सांगतत? गाऱ्हाणा देवाक घालतत."

"पण साकव झाला असता, तू बाजारात गेली असतीस."

तिनं पलीकडच्या काठाकडे पाहिलं. एसटी येऊन थांबली होती, कंडक्टर खाली उतरून आळस देत होता.

"साकव होवंदे, पोरांका होतलो," आई म्हणाली. "माका आता खंय जावचा आसा?"

तिनं गुडघ्यावर हात टेकून उठायचा एक प्रयत्न केला आणि परत बसली. मग शेजारी ठेवलेली, मी घासून लख्ख केलेली रिकामी पाटी तिनं माझ्याकडे सरकवली.

"ही ने आणि पिलांवर पालथी घाल," ती म्हणाली. "मगापासून उघडीच आसत ती."